मामांचे सव्वा लाख माफ होत नाहीत, ट्रम्पचे २८ कोटी डॉलर कसे कमी झाले?

एडिसनकर

रविवारी सकाळी विट्याला मामांना फोन लावला आणि तासभर वाद झाला, म्हणून इथे विचारतोय. मामांचे चार यंत्रमाग आहेत. सुताच्या एका व्यापाऱ्याला दिलेला चेक वटला नाही, १३८ ची केस झाली, मामांचं म्हणणं तो चेक सिक्युरिटी म्हणून दिलेला होता आणि माल अर्धा खराब निघाला, पण मॅजिस्ट्रेट कोर्टात हरले. ६ लाख भरपाई आणि वर शिक्षा. सेशन कोर्टात अपील केलं तर कोर्ट म्हणालं शिक्षा थांबवतो पण आधी भरपाईच्या २० टक्के जमा करा, ६० दिवसांत. म्हणजे १ लाख २० हजार. सध्या सूतगिरण्यांची आणि मागांची काय अवस्था आहे ते सांगलीकडच्या लोकांना माहितीये, मामांचे दोन माग गेल्या दिवाळीपासून बंदच आहेत.

तर मामा म्हणाले, "तुमच्या त्या ट्रम्पला ४५ कोटी डॉलर भर म्हणाले होते ना, मग भरता येत नाहीत म्हणल्यावर साडेसतरावर आणले, आणि शेवटी दंडच उडवला. मला का नाही कोण म्हणत की बाबा तीस हजार भर?"

मी म्हटलं मामा, तिकडचं वेगळं असतं. तर म्हणे, "वेगळं म्हंजे? तिकडं गरिबाला सोडत्यात काय?"

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी आयटीत आहे, कोर्टाची पायरी फक्त ट्रॅफिक तिकिटासाठी चढलोय. म्हणून जाणकारांना विचारतो, अपील करण्याआधी पैसे किंवा बाँड भरायला लावणं हे श्रीमंत आणि गरीब दोघांना सारखंच पडतं का? की मामांचं म्हणणं बरोबर आहे? राजकारण आणू नका प्लीज, ट्रम्प आवडतो की नाही हा विषय नाहीये.

सात_नंबरची_ट्रेन

मी वकील नाही, न्यूयॉर्कात एका छोट्या लॉ ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, त्यामुळे हे कायदेशीर सल्ला म्हणून घेऊ नका. पण एक गैरसमज आधी काढते. ट्रम्पना अपील करायला बाँड लागणारच नव्हता! अपील फुकटात (म्हणजे नुसत्या फीमध्ये) करता येतं. बाँड लागतो तो वसुली थांबवायला. निकाल लागला की जिंकलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून तुमचं बँक अकाउंट धरू शकतो, बिल्डिंगवर बोजा चढवू शकतो. अपील चालू आहे एवढ्यावर तो थांबत नाही. थांबवायचं असेल तर हमी द्या की हरलो तर पैसे इथे आहेत.

आकडे असे होते. न्यूयॉर्क राज्याने केलेल्या फसवणुकीच्या केसमध्ये फेब्रुवारी २०२४ ला जज एंगोरॉन यांनी सुमारे ३५.५ कोटी डॉलर लावले, वर न्यूयॉर्कचं ठरलेलं ९ टक्के व्याज, ते मागच्या तारखांपासून, म्हणून ४५.४ कोटी. रोजचं व्याज १ लाख डॉलरच्या वर. आणि हा 'दंड' म्हणून लावलेलाच नव्हता, मालमत्तेच्या किमती फुगवून स्वस्तात कर्ज घेतलं आणि त्यातून जो फायदा झाला तो परत करा, असा हिशोब होता. स्वतःचा फ्लॅट ११ हजार स्क्वेअर फुटाचा, कागदावर दाखवला ३० हजार. असो.

आता बाँड देते कोण, तर इन्शुरन्सवाल्या कंपन्या. त्या एक-दोन टक्के प्रीमियम घेतात आणि तारण मागतात, आणि तारण म्हणजे रोख किंवा लगेच विकता येतील असे शेअर, इमारती त्यांना नको असतात. ट्रम्पच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की ३० कंपन्यांकडे गेलो, कुणी दिला नाही. गंमत म्हणजे त्याच मार्च महिन्यात दुसऱ्या केसमध्ये, ती ८.३३ कोटींची मानहानीची, त्यात ९.१६ कोटींचा बाँड याच माणसाला एका मोठ्या कंपनीने दिला होता. म्हणजे पत नव्हती असं नाही, एवढी मोठी *रोख* नव्हती. २५ मार्चला वरच्या कोर्टाने १७.५ कोटी भरा आणि १० दिवस घ्या म्हटलं, १ एप्रिलला बाँड आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने फसवणूक झाली हे तसंच ठेवलं पण रक्कम अवाजवी म्हणून रद्द केली.

तेव्हा तुमच्या मामांना सांगा की कमी केलं हे खरं, पण सवलत 'गरीब आहे' म्हणून नव्हती. एवढा बाँड बाजारात मिळतच नाही असा मुद्दा होता. आणि तो मुद्दा पटवायला ब्रोकरची प्रतिज्ञापत्रं लावणारी वकिलांची फौज होती. मामांकडे कोण आहे?

आमच्याकडे येणाऱ्या लोकांचं तर बाँडपर्यंत जातच नाही हो. क्रेडिट कार्डाचं कर्ज दुसऱ्या कंपनीने विकत घेतलेलं असतं, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, हे कोर्टात जातच नाहीत, एकतर्फी निकाल लागतो आणि एक दिवस सकाळी एटीएममधून पैसे निघत नाहीत तेव्हा कळतं. त्यांचं अपील कुठलं आणि बाँड कुठला. एक बरं झालं, २०२२ पासून न्यूयॉर्कने अशा ग्राहक-कर्जाच्या निकालांवरचं व्याज ९ वरून २ टक्क्यांवर आणलं.

ह्यूस्टनचा_बापू

वरच्या ताईंनी छान सांगितलंय. आमच्या ह्यूस्टनची गोष्ट सांगतो, बाँडचा विषय निघाला की इथले जुने तेलवाले लोक हीच सांगतात.

१९८५, टेक्साको विरुद्ध पेन्झॉईल. गेटी ऑईल विकत घ्यायचा पेन्झॉईलचा सौदा जवळपास झालेला, मध्ये टेक्साको घुसली आणि जास्त पैसे देऊन कंपनी घेऊन गेली. पेन्झॉईल ह्यूस्टनमध्ये कोर्टात गेली, ज्युरीने टेक्साकोवर १०.५३ अब्ज डॉलरचा निकाल दिला, त्यातले ३ अब्ज नुसते शिक्षेचे. तेव्हाच्या टेक्ससच्या कायद्यात अपील चालू असताना वसुली थांबवायची तर पूर्ण रकमेचा बाँड, व्याज धरून. एवढा बाँड जगात कुणी लिहून देणारं नव्हतं. टेक्साको न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात पळाली, तिथे दिलासा मिळाला, पण एप्रिल १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फेडरल कोर्टाने यात पडायलाच नको होतं, टेक्ससमध्येच भांडा. त्यानंतर आठवड्याभरात टेक्साकोने दिवाळखोरी दाखल केली! अमेरिकेतल्या बड्यातल्या बड्या तेल कंपन्यांपैकी एक, आणि पेट्रोल पंप सगळे चालू. वर्षाअखेर ३ अब्जांवर तडजोड झाली.

टेक्ससच्या अपील कोर्टाने निकाल बहुतांशी कायम ठेवला होता, पण सुप्रीम कोर्टात कोण बरोबर हे ठरायच्या आधीच बाँडच्या दडपणाने केस मिटली. मला हा बाँड अन्यायाचाच वाटतो, कंपनी कितीही मोठी असली तरी.

पण पुढचं ऐका. २००३ मध्ये टेक्ससने कायदा बदलला. आता बाँड हरणाऱ्याच्या निव्वळ मालमत्तेच्या निम्मा किंवा २.५ कोटी डॉलर, यातलं जे कमी असेल ते. शिक्षेची रक्कम बाँडमध्ये धरायची नाही. आणि फार नुकसान होत असेल तर जज अजून कमी करू शकतो. फ्लोरिडानेही २००० च्या सुमारास सिगारेट कंपन्यांवरचा तो अवाढव्य खटला चालू असतानाच १० कोटींची मर्यादा घातली. मोठ्यांच्या पायात काटा रुतला की विधानसभा चिमटा घेऊन हजर.

तरी टेक्ससचा 'मालमत्तेच्या निम्मा' हा नियम कागदावर गरिबालाही लागू आहे बरं का. मालमत्ता शून्य तर निम्मा शून्य.

आता भाडेकरू बघा. घरमालकाने बाहेर काढायचा निकाल घेतला तर अपिलाला फक्त ५ दिवस. बाँड भरायला पैसे नसतील तर 'मला परवडत नाही' असं शपथपत्र देता येतं, पण चालू भाडं कोर्टात भरत राहावं लागतं. ही सोय चांगलीच आहे, पण ५ दिवसांत हे कुणाला कळतं? मी ज्या अपार्टमेंटमध्ये आधी राहायचो तिथे दाराला चिकटवलेली नोटीस लोक जाहिरात समजून फाडायचे.

सरळसोट

सगळे हरलेल्याच्या बाजूने रडतायत. जिंकलेल्याचं काय??

बाँड कशासाठी असतो हे एकदा उलट्या बाजूने बघा की. न्यूयॉर्कचा माजी महापौर रूडी जुलियानीची केस घ्या. जॉर्जियातल्या दोन निवडणूक कर्मचारी बायकांवर खोटे आरोप केले, डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने १४.८ कोटी डॉलरचा निकाल दिला आणि आठवड्याच्या आत साहेबांनी दिवाळखोरी दाखल केली. त्या बायका श्रीमंत होत्या का? नाही. अपिलाला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढ्यात हरलेला माणूस फ्लॅट मुलाच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर, हे काय आपल्याला नवीन आहे का. बाँड नसेल तर 'तारीख पे तारीख' हीच श्रीमंताची शिक्षा. उलट गरीब जिंकला तर त्याला बाँडच वाचवतो.

आणि एडिसनकर, रागावू नका, पण तुमच्या मामांच्या केसमध्ये समोरचा सूतवाला पण माणूसच आहे, त्याचेही पैसे अडकलेत, त्याने पण कुठून तरी उधारीवर सूत आणलं असेल. त्याला २० टक्के तरी हातात येणं हे त्याच्या दृष्टीने फेअरच आहे.

हां, गॉकरचं प्रकरण मात्र मलाही खटकतं. वेबसाईटने एका पैलवानाचा खासगी व्हिडिओ टाकला, चूकच होती ती, २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या ज्युरीने १४ कोटी डॉलर लावले. तिथे बाँडची मर्यादा ५ कोटी, पण तेवढेही जमेनात आणि जूनमध्ये गॉकर दिवाळखोरीत. त्याच्या थोडंच आधी, मे महिन्यात कळलं होतं की पैलवानाचा खटल्याचा खर्च पीटर थील नावाचा अब्जाधीश करत होता, कारण या वेबसाईटने पूर्वी त्याच्याबद्दल लिहिलेलं. म्हणजे बाँडचा उपयोग हत्यार म्हणून पण होतो. ते मान्य. पण अपवाद आहे तो.

पुणे३०

फिनलंडमध्ये स्पीडिंगचा दंडच पगाराच्या हिशोबात असतो, नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला २००२ साली मोटरसायकल जोरात चालवली म्हणून १ लाख १६ हजार युरो लागले होते. सगळीकडे असंच करा, विषय संपला.

सात_नंबरची_ट्रेन

@पुणे३० तो सरकारला भरायचा फौजदारी दंड आहे. भरपाईला ते कसं लावणार? माझा पाय मोडला तर हॉस्पिटलचं बिल समोरच्याच्या पगारावर ठरत नाही.

@सरळसोट तुमचं म्हणणं पटतं, पण हमी मागणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं. ओरेगॉनमध्ये पूर्वी नियम होता की भाडेकरूला घर खाली करण्याच्या निकालावर अपील करायचं तर खटला चालेल तेवढ्या काळाच्या भाड्याच्या *दुप्पट* रकमेची हमी द्या. बाकी कुणाही अपिलाला असं दुप्पट नव्हतं. पोर्टलंडच्या भाडेकरूंनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं आणि १९७२ मध्ये कोर्टाने ही दुप्पटवाली अट उडवली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की घरमालकाला खरंच नुकसान किती होईल याचा आणि या दुप्पटीचा काही संबंध नाही, परवडणारे अपील करणार आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचं दार बंद, मग त्यांचा मुद्दा कितीही बरोबर असो. त्यात 'अपील मिळालंच पाहिजे' असं म्हटलेलं नाही हं, पण दिलंत तर काहींनाच असं देऊ नका.

आणि अजून एक, कारण कुणीतरी म्हणेल की ट्रम्पला सोडलं. नावाला दंड नसला तरी रक्कम ज्या मुद्द्यावर अवाजवी ठरली ती राज्यघटनेतली आठवी दुरुस्ती, भरमसाट दंड नको असं सांगणारी. ही दुरुस्ती राज्यांनाही लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं २०१९ मध्ये, आणि ते कुणाच्या केसमध्ये? इंडियानातल्या एका व्यसनातून बाहेर पडू बघणाऱ्या माणसाच्या. थोडंसं हेरॉईन विकताना पकडला गेला, जास्तीत जास्त दंड १० हजार डॉलर, आणि सरकारने त्याची ४२ हजारांची लँड रोव्हर जप्त केली, जी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतली होती. सात वर्षांनी गाडी परत दारात आली. त्या माणसाने खणलेल्या विहिरीवर पुढे कोण कोण पाणी प्यायलं बघा.

वकील_सांगली

नमस्कार. मी सांगलीत प्रॅक्टिस करतो, अमेरिकेतलं ताईंनी आणि बापूंनी सांगितलंच आहे, मी मामांपुरतं बोलतो.

पहिलं म्हणजे १३८ ही फौजदारी तक्रार आहे, दिवाणी दावा नव्हे, त्यामुळे ट्रम्पच्या केसशी तंतोतंत तुलना होत नाही. पण मामांच्या खिशाला फरक कळत नाही हेही खरं. २०१८ च्या दुरुस्तीने चेकच्या त्याच कायद्यात कलम १४८ आलं, अपिलात भरपाई किंवा दंडाच्या किमान २० टक्के जमा करायला कोर्ट सांगू शकतं, ६० दिवस, आणि कारण दाखवलं तर वर ३० दिवस. कायद्यात 'शकतं' आहे, पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सर्वसाधारणपणे भरायलाच लावावं, सूट हा अपवाद. मग काय झालं, खालची कोर्टं डोळे झाकून २० टक्के लिहायला लागली, पक्षकाराची परिस्थिती कुणी विचारीना. म्हणून २०२३ मध्ये जंबू भंडारी निकालात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ही अट घालणं अन्यायाचं ठरत असेल, किंवा त्यामुळे अपिलाचा हक्कच हिरावला जात असेल, तर अपवाद करता येतो, कारणं लिहा. तेव्हा मामांना सांगा, तुम्हाला पण वाट आहे. फक्त ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मामांच्या वकिलांनी सूट मागितली होती का, ते आधी विचारा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल माझं मत. टक्केवारी सगळ्यांना सारखी असली की लोकांना वाटतं न्याय झाला. तसं नसतं. आपल्याकडे जीएसटीत पहिलं अपील करायचं तर वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरायचे, पण वर मर्यादा आहे २० कोटींची. गणित करा, ही मर्यादा कुणाला उपयोगी? ज्याचा वाद २०० कोटींच्या वर आहे त्यालाच. विट्याच्या मागवाल्याला १० टक्के म्हणजे १० टक्केच. बापूंनी सांगितलेला टेक्ससचा नियम निदान मालमत्ता तरी बघतो, आपल्या नियमात तेही नाही.

उलट ग्राहक कोर्टाचं बघा. जुन्या १९८६ च्या कायद्यात हरलेल्याला राज्य आयोगाकडे अपील करायचं तर रकमेच्या ५० टक्के किंवा २५ हजार, कमी असेल ते. २०१९ च्या नव्या कायद्यात सरळ ५० टक्के, २५ हजारांचा विषय संपला. बिल्डर लोक २५ हजार टाकून ग्राहकाला वर्षानुवर्षं झुलवायचे, ते थांबावं हा हेतू चांगलाच. माझ्या एका पक्षकाराला त्याचा फायदा झाला. आणि दुसरा पक्षकार, मोबाईल दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान, त्याच्यावर ७० हजारांचा निकाल, ३५ हजार भरायचे तर त्याने अपीलच सोडलं. मला अजूनही वाटतं ते अपील चाललं असतं. नियम एकच, माणूस दोन. सरसकट टक्केवारीवर माझा आक्षेप आहे, बाँडवर नाही. सरळसोट साहेब म्हणतात तशी जिंकलेल्याची काळजी घ्यायलाच हवी, पण मग जजने माणूस समोर घेऊन दोन प्रश्न विचारावेत, उत्पन्न किती, पैसे पळवायची शक्यता किती. माझ्या दुकानदाराचं पळवण्यासारखं काय होतं, तर दोन डेमो पीस आणि एक हीट गन.

ह्यूस्टनचा_बापू

@वकील_सांगली दोन प्रश्नांचं पटलं. पण कोर्टात पन्नास केसेस लागलेल्या असताना जज हे विचारणार कधी? सरसकट नियम येतो तो वेळ वाचवायलाच.

वकील_सांगली

खरंय. आमच्या बोर्डावर पन्नास नाही, शंभराच्या पुढे असतात. म्हणून तर वकिलाने अर्ज तयार ठेवायचा, जजने विचारायची वाट बघायची नाही.

सरळसोट

मग शेवटी चांगला वकील ज्याला परवडतो त्यालाच सूट. म्हणजे आलो परत तिथेच.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सरळसोट, रागावलो नाही, सूतवाल्याचा विचार मी खरंच केला नव्हता. मामांना ते बोललो तर म्हणाले, "त्याचं पैसं बुडवायचं न्हाईत मला, पण खराब मालाचं आधी बघा की."

काल रात्री परत फोन झाला. वकिलांनी सूट मागितलीच नव्हती, ते म्हणे सगळे भरतात. ६० पैकी ४१ दिवस गेलेत. मामी तर पाटल्या गहाण ठेवायच्या म्हणून सोनाराकडे विचारून पण आली. वकील साहेब, आता अर्ज करता येईल का, आणि सोबत काय लावायचं? मामी विचारतेय की तिच्या नावावर पतसंस्थेत ४० हजारांची एफडी आहे ती दाखवायची का.

वकील_सांगली

येईल, पण याच आठवड्यात करा, शेवटच्या दिवशी नको. सूट, ती नाही तर रक्कम कमी, तेही नाही तर वाढीव ३० दिवस, तिन्ही एकाच अर्जात मागा. सूट मिळेलच असं सांगत नाही. सोबत तीन वर्षांचे रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, आणि बंद असलेल्या दोन मागांची लाईट बिलं, त्यात युनिट शून्य दिसतात ते बोलकं असतं. मामांनी शपथपत्र स्वतः वाचून सही करायची.

एफडी मामींची आहे, मामांच्या मालमत्तेत ती येत नाही. पण घरात काहीच नाही असं वाक्य शपथपत्रात घालू देऊ नका. समोरचा व्यापारी विट्यातलाच आहे ना, त्याला पतसंस्थेतलं आपल्याआधी कळतं.